पेशंट समोर बसलेला असताना डोस कसा बघायचा (ओपीडीत नव्याने बसणाऱ्या डॉक्टरांसाठी)

बॉण्डवर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) रुजू झालेली किंवा कुणाच्या तरी क्लिनिकमधे संध्याकाळची ओपीडी सांभाळणारी मुलंमुली मला हमखास विचारतात, मॅडम, पेशंट समोर बसलाय, डोस नक्की आठवत नाहीये, अशा वेळी मोबाईल काढून बघितलं तर तो काय म्हणेल? काही म्हणत नाही. बघायचं, त्याच्या समोरच बघायचं आणि का बघतोय ते सांगून बघायचं. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतच ३८४ औषधं आहेत, त्यात प्रत्येकाच्या गोळ्या, सायरप, इंजेक्शन वेगवेगळ्या स्ट्रेंग्थचे, वर लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका, किडनीचे पेशंट, हे सगळं पाठ करून कुणी ओपीडी चालवत नाही, आणि जो म्हणतो की मला कधीच बघावं लागत नाही त्याच्याकडे मी माझ्या घरचं माणूस पाठवणार नाही.

पण बघायचं कसं याला पद्धत आहे आणि ती कॉलेजात कुणी नीट बसवून शिकवत नाही म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, मोबाईल हातात घ्यायच्या आधी प्रश्न तयार पाहिजे. नुसतं औषधाचं नाव टाकून सर्च मारला की स्क्रीनमागून स्क्रीन माहिती येते, तुम्ही अंगठ्याने वर ढकलत राहता आणि समोरचा माणूस तुमच्याकडे बघत राहतो, आणि मग घाईत जो पहिला आकडा दिसेल तो उचलला जातो. म्हणून आधी मनात एक वाक्य बनवा: अमुक औषध, अमुक आजारासाठी, इतक्या वजनाच्या, इतक्या वयाच्या, किडनी अशी असलेल्या आणि आधी ही ही औषधं घेणाऱ्या माणसाला किती. हे वाक्य पूर्ण होत नसेल तर बघायची वेळच आलेली नाही, आधी पेशंटला विचारायचं राहिलंय. कशासाठी देताय हेही त्यात हवंच, कारण एकाच औषधाचा डोस आजार बदलला की बदलतो, सेफ्ट्रिअॅक्सोन मेनिंजायटिसला वेगळं आणि टायफॉइडला वेगळं.

त्यासाठी वजन केसपेपरवर आधीच लिहिलेलं पाहिजे. सिस्टरना सांगून ठेवा की बारा वर्षांखालचं कुठलंही मूल वजन केल्याशिवाय आत येणार नाही, आणि वजन त्याच दिवशीचं, आईने सांगितलेलं किंवा लसीकरणाच्या कार्डावरचं जुनं नको. काटा बंद असेल किंवा मूल काट्यावर उभंच राहत नसेल तर आईला मुलासकट उभं करा, मग एकटीला, आणि वजा करा. अगदीच काही नसेल तर १ ते ६ वर्षांसाठी वय गुणिले २ अधिक ८ हे सूत्र आहे, पण ते धडधाकट मुलाचं सरासरी वजन देतं, समोरचं मूल कुपोषित असेल तर आकडा जास्त येणार आणि डोसही जास्त जाणार, हे लक्षात ठेवून वापरा.

आता प्रत्यक्ष करून बघू. तीन वर्षांचं मूल, ताप, वजन ११ किलो. पॅरासिटामॉल, एका वेळेला किलोमागे १० ते १५ एमजी. म्हणजे ११० ते १६५ एमजी, आपण १५० च्या आसपास धरू, गरज पडेल तसं सहा-सहा तासांनी. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गडबड पुढे आहे. बाजारात पातळ पॅरासिटामॉल ५ एमएलमधे १२० किंवा १२५ एमजीचं मिळतं, ५ एमएलमधे २४० किंवा २५० चंही मिळतं, आणि ड्रॉप्स असतात त्यात १ एमएलमधेच १०० एमजी असतं. म्हणजे त्याच मुलाला पहिल्या बाटलीतून ६ एमएल, दुसरीतून ३ एमएल आणि ड्रॉप्समधून दीड एमएल. तुम्ही चिठ्ठीवर नुसतं पॅरासिटामॉल सायरप एक चमचा असं लिहिलंत आणि घरी धाकट्या बाळासाठी आणलेली ड्रॉप्सची बाटली शिल्लक असली आणि आईने त्यातून ५ एमएल पाजलं, तर ५०० एमजी गेलं, किलोमागे ४५. म्हणून डोस बघणं हे एमजीवर थांबत नाही, एमएलपर्यंत आणि बाटलीपर्यंत जावं लागतं. चिठ्ठीवर स्ट्रेंग्थ लिहा आणि आईला विचारा, घरात आधीची कुठली बाटली आहे का.

याच जागी अजून एक गोष्ट पक्की करा, जो आकडा वाचताय तो एका डोसचा आहे की दिवसभराचा. पॅरासिटामॉलचा आकडा एका डोसचा लिहितात, अमॉक्सिसिलिनचा बहुतेक ठिकाणी दिवसाचा लिहितात आणि तो भागायचा असतो. घाईत दिवसाचा आकडा एका वेळेचा समजला की थेट दुप्पट किंवा तिप्पट औषध जातं. मी तर ज्युनियर्सना सांगते की आकडा मोठ्याने वाचा आणि त्याच्यापुढचा 'दिवसाला' किंवा 'डोसला' हा शब्दही मोठ्यानेच वाचा.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अॅसिडचं ड्राय सायरप घ्या. बाटलीवर २२८.५ लिहिलेलं असतं, ते ५ एमएलमधे २०० एमजी अमॉक्सिसिलिन आणि २८.५ क्लॅव्हुलॅनिक अॅसिड. डोस मोजायचा तो अमॉक्सिसिलिनवर. त्याच ११ किलोच्या मुलाला दिवसाला किलोमागे ४० धरलं तर ४४० एमजी, दोन वेळात भागून २२० एमजी, म्हणजे २२८.५ च्या बाटलीतून साडेपाच एमएल सकाळ-संध्याकाळ. ४५७ ची बाटली असेल तर त्यात ५ एमएलला ४०० आहे, मग पावणेतीन एमएल. मोठ्यांच्या गोळीतही हाच घोळ, ६२५ ची गोळी म्हणजे ५०० अधिक १२५, आणि ३७५ ची म्हणजे २५० अधिक १२५, त्यामुळे ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५ च्या दोन दिल्या की क्लॅव्हुलॅनिक अॅसिड दुप्पट झालं आणि पेशंट दुसऱ्या दिवशी जुलाब घेऊन परत. आणि ड्राय सायरप देताना उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत कसं घालायचं, हलवायचं कसं, तयार केल्यावर किती दिवस आणि कुठे ठेवायचं हे सांगायला विसरू नका, तेही डोसचाच भाग आहे, पाणी कमी पडलं तर प्रत्येक चमच्यात औषध जास्त.

गुणाकार झाला की दोन गोष्टी तपासा. एक, मोठ्या माणसाच्या डोसच्या वर गेलो का. तेरा वर्षांचा ६० किलोचा मुलगा, अॅझिथ्रोमायसिन किलोमागे १० म्हणजे ६००, पण दिवसाला ५०० च्या वर जायचं नाही, मग ५०० च. दुसरं, उत्तर हाताला पटतंय का. गणिताने एका वेळेला चार गोळ्या किंवा २० एमएल सायरप किंवा इंजेक्शनच्या तीन अँप्युल आल्या तर थांबा, बहुतेक वेळा दशांश चिन्ह सरकलेलं असतं किंवा मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालेलं असतं.

आता कुठे बघायचं. याचा क्रम माझ्या मनात पक्का आहे. ज्या आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे तिथे आधी सरकारी चार्ट, मग बाकी सगळं. टीबीच्या चार औषधांच्या एकत्रित गोळ्या वजनाच्या पट्ट्यावर ठरतात, मोठ्यांमधे २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, आणि त्याच्याही वर पट्टे आहेत, त्यामुळे फॉलोअपला वजन केलं नाही आणि माणूस ४८ वरून ५१ वर गेला तर त्याचा पट्टा बदलला हे कळणारच नाही. मलेरियाचंही तसंच, वयानुसार तक्ता भिंतीवर लावलेला असतो तो बघा. जुलाबाला झिंक सहा महिन्यांच्या पुढे रोज २० एमजी, दोन ते सहा महिन्यांत १०, चौदा दिवस, इथे किलोचा हिशोबच नाही.

किलोचा हिशोब नसलेल्या गोष्टींची वेगळी यादी करून ठेवा असं मी म्हणेन, कारण आपल्याला लहान मूल दिसलं की डोस कमी करायची सवय लागलेली असते. सर्पदंशात एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) लहान मुलाला मोठ्याइतकंच लागतं, सापाने विष सोडताना मुलाचं वजन बघितलेलं नसतं. कुत्रा चावल्यावर रेबीजची लसही मुलाला मोठ्याइतकीच, कातडीत ०.१ एमएल दोन जागी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पण त्याच पेशंटला द्यायचं रेबीजविरोधी सीरम मात्र वजनावर, घोड्याचं असेल तर किलोमागे ४० युनिट, माणसाचं असेल तर २०. एकाच पेशंटमधे एक गोष्ट वजनावर आणि एक नाही, आणि समोर जखमेतून रक्त वाहत असलेलं रडणारं मूल, अशा वेळी आठवणीवर भरवसा ठेवू नका.

कोकणात पोस्टिंग असेल तर विंचूदंशाचा तक्ता हवाच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या प्राझोसिनवर काम केलं ते मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम नाही. १६ किलोच्या मुलाला ४८०, म्हणजे १ एमजीच्या साध्या गोळीची साधारण अर्धी. ती साधी गोळीच हवी, हळूहळू सुटणारी एक्सएल इथे चालत नाही, म्हणून ड्युटी सुरू करताना कपाटात नक्की कुठली आहे ते बघून ठेवा, रात्री दोनला पेशंट आल्यावर नको.

बाकी रोजच्या औषधांसाठी गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया (औषधं आणि डोसचं सरकारी पुस्तक) आहे, तिची सहावी आवृत्ती २०२१ ची. मुलांसाठी इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सची ड्रग फॉर्म्युलरी. मोबाईलवर मेडस्केप फुकट आहे आणि त्यातली औषधांची माहिती डाउनलोड करून ठेवता येते, जिथे रेंज नाही तिथे हाच आधार. ऐपत असेल किंवा हॉस्पिटल भरत असेल तर अपटुडेट नावाचं अॅप उत्तमच. स्तनपान करणाऱ्या आईसाठी लॅक्टमेड बघा, तेही फुकट आहे. आणि बॉक्समधे घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरातला कागद फेकू नका, इंजेक्शन किती पाण्यात विरघळवायचं, किती वेळात द्यायचं हे त्यात असतं.

परदेशी अॅप वापरताना दोन खबरदाऱ्या. नावं वेगळी असतात, आपलं पॅरासिटामॉल तिकडे अॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, अॅड्रेनालिन तिकडे एपिनेफ्रिन, सर्च केल्यावर काहीच आलं नाही तर घाबरू नका, दुसरं नाव टाका. आणि एमजी तिथून घ्या पण एमएल तिथून कधीच घेऊ नका. अमेरिकेत पॅरासिटामॉलचं सायरप ५ एमएलमधे १६० एमजीचं असतं, तिकडचा तयार एमएलचा तक्ता आपल्या २५० च्या बाटलीला लावलात तर दीडपटीहून जास्त औषध जाईल. एमएल नेहमी पेशंटच्या हातात जी बाटली पडणार आहे तिच्यावरून.

सीआयएमएस (ब्रँडची यादी), ऑनलाइन फार्मसीची अॅप्स वगैरे मी एकाच कामासाठी वापरते, या ब्रँडमधे आत काय काय आहे हे बघायला. ते काम ती चांगलं करतात आणि ते काम फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे एकाच ब्रँडच्या नावापुढे प्लस, फोर्ट, डी, एसपी लागलं की आतलं औषध बदलतं. २०२३ च्या ऑगस्टपासून ३०० मोठ्या ब्रँडच्या पाकिटावर क्यूआर कोड आला आहे, तो स्कॅन करून जेनेरिक नाव, कंपनी, बॅच, एक्सपायरी कळते, डोस कळत नाही. गूगलचं वर आलेलं ठळक अक्षरातलं उत्तर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'अमक्याचा डोस सांगा रे' विचारल्यावर आलेलं उत्तर, औषध कंपनीच्या एमआरने दिलेलं चकचकीत कार्ड आणि एआय चॅटबॉट, या चारांपैकी कशावरूनही आकडा थेट चिठ्ठीवर उतरवायचा नाही. चॅटबॉट समजावून छान सांगतो पण चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे सांगतो, त्याला विचारलंत तरी फॉर्म्युलरीत जाऊन तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि यात कुठेही पेशंटचं नाव, फोटो, रिपोर्टचा पूर्ण कागद टाकू नका, वय, वजन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) एवढ्यावर काम होतं.

सगळ्यात जास्त वेळ मी म्हाताऱ्या पेशंटांवर घालवते, आणि तुम्हीही घालवा. समजा ७५ वर्षांच्या आजी, वजन ४५ किलो, छातीवर नागीण उठलीये, सोबत मुलगी आलीये. क्रिएटिनिन १.२. लॅबवाल्याने शेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते त्यामुळे १.२ बघून कुणी दचकत नाही. पण १९७६ पासून वापरात असलेलं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लावा, त्यातून क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती काम करतेय ते निघतं: १४० वजा ७५ म्हणजे ६५, गुणिले ४५ म्हणजे २९२५, भागिले ७२ गुणिले १.२ म्हणजे ८६.४, आलं ३३.९, आणि बाई आहेत म्हणून गुणिले ०.८५. उत्तर २९. आता व्हॅलासायक्लोव्हिर नागिणीला नेहमी १ ग्रॅम दिवसातून तीनदा देतो. ३० ते ४९ मधे ते दोनदा होतं आणि १० ते २९ मधे दिवसातून एकदाच. म्हणजे आजींना सवयीने लिहिलं तर तिप्पट जाणार, आणि मग चार दिवसांनी मुलगी फोन करणार की आई बडबडतेय, ओळखत नाहीये, आणि सगळे म्हणणार वयामुळे होतंय. वेदनेसाठी प्रीगॅबालिन देणार असाल तर तेही याच आकड्यावर कमी होतं, दोन्हीची गुंगी एकावर एक चढते.

इथे एक बारीक गोष्ट आहे. त्याच रिपोर्टवर लॅबने छापलेला ईजीएफआर (किडनीच्या कामाचाच दुसऱ्या सूत्राने काढलेला आकडा) बघाल तर तो ४७ च्या आसपास असेल, कारण ते सूत्र ठरावीक आकाराच्या शरीरासाठी आकडा देतं आणि आपल्या आजी ४५ किलोच्या आहेत. मग कुठला आकडा धरायचा? त्या औषधाच्या तक्त्यात जो मागितलाय तो. व्हॅलासायक्लोव्हिर, प्रीगॅबालिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांचे तक्ते क्रिएटिनिन क्लिअरन्सवर बनलेत. मेटफॉर्मिनची मर्यादा मात्र ईजीएफआरमधे आहे, ३० च्या खाली बंद, ३० ते ४५ मधे नव्याने सुरू करायचं नाही. बहुतेक अॅपमधे कॅल्क्युलेटर असतो, हाताने करत बसायची गरज नाही, पण कुठलं सूत्र चालवतोय ते वाचा.

आधीची औषधं विचारायची पद्धतही सांगते. 'कुठली औषधं चालू आहेत' असं विचारलं की बीपीची एक गोळी असं उत्तर येतं. 'सगळ्या गोळ्यांची पिशवी दाखवा, आयुर्वेदिकही आणि मेडिकलमधून स्वतः आणलेल्याही' असं सांगा, पिशवी आणली नसेल तर घरी फोन लावून पाकिटांचे फोटो मागवा. कंबर धरली म्हणून टिझानिडिन चालू असलेल्या माणसाला लघवीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन द्यायचंच नाही, बीपी धाडकन खाली येतं. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेला माणूस रक्त पातळ करणारी असिट्रोम घेतोय आणि आपण सहज मेट्रोनिडॅझोल लिहिलं तर आयएनआर वर जातो, म्हणजे रक्त जास्तच पातळ होतं. आणि पॅरासिटामॉलची बेरीज करा. ६५० चार वेळा म्हणजे २६००, त्यात दुखण्याच्या गोळीतलं ३२५ दोन वेळा म्हणजे ६५०, त्यात सर्दीच्या गोळीतलं ३२५ तीन वेळा म्हणजे ९७५, झाले ४२२५, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर, आणि पेशंटला वाटतंय की मी तीन वेगळी औषधं घेतोय. अशक्त, रोज दारू घेणारा माणूस असेल तर त्याची मर्यादा याहूनही खाली.

मुलांच्या सर्दी-खोकल्यात डोस बघायच्या आधी द्यायचंय का हेच बघा. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं कॉम्बिनेशन चार वर्षांखाली नको असं २०२३ च्या डिसेंबरमधे औषध नियंत्रकांनी लेबलवरच लिहायला सांगितलं. छिंदवाड्यात खोकल्याचं सायरप पिऊन मुलं दगावली, त्यानंतर २०२५ च्या ऑक्टोबरमधे केंद्राने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली शक्यतो नकोत. छिंदवाड्याची बरीच मुलं नागपूरला आणली होती, विदर्भातल्या डॉक्टरांनी ते जवळून पाहिलंय. तिथे प्रश्न डोसचा नव्हता, विषारी भेसळीचा होता, पण जे औषध लागतच नाही ते लिहिलं नाही तर तो धोकाही आपोआप टळतो. नायमेसुलाइडलाही २०११ पासून बारा वर्षांखाली बंदी आहे, तरी जुन्या चिठ्ठ्यांवर अजून दिसतं.

इन्सुलिनबद्दल वेगळं सांगायलाच हवं. आपल्याकडे बरीचशी व्हायल १ एमएलमधे ४० युनिटची, आणि पेनमधलं १०० युनिटचं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने १० युनिटच्या खुणेपर्यंत ओढलं तर आत २५ युनिट जातात, अडीचपट. म्हणून इन्सुलिनचा डोस ठरवताना पेशंटला विचारा, व्हायल की पेन, आणि सिरिंज आणून दाखवायला सांगा. चिठ्ठीवर युनिट हा शब्द पूर्ण लिहा, नुसता इंग्रजी यू लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

लिहिण्याचे बाकी नियम असेच साधे आहेत. १ लिहायचं असेल तर १ लिहा, १.० नाही, टिंब पुसट आलं की १० वाचलं जातं. अर्ध्यासाठी मात्र टिंबाच्या आधी शून्य हवंच. मायक्रोग्रॅम पूर्ण शब्दात. मेथोट्रेक्सेट असेल तर 'आठवड्यातून एकदा' हे मराठीत, वाराचं नाव घालून लिहा, रोज घेतलं तर माणूस जातो. जेनेरिक नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमधे, हे तर मेडिकल कौन्सिलने २०१६ लाच सांगितलंय.

आता पेशंटसमोर बोलायचं काय. मोबाईल टेबलाखाली किंवा ड्रॉवरमधे धरून बघू नका, तेच वाईट दिसतं, माणसाला वाटतं डॉक्टर मेसेज वाचतायत. टेबलावर, त्यालाही दिसेल असा ठेवा, नोटिफिकेशन बंद करा आणि सरळ बोला, "ताई, बाळ ११ किलोचं आहे ना, त्या वजनाचा डोस मोजून घेते, एक मिनिट." आजींना, "आजी, तुमच्या किडनीच्या रिपोर्टप्रमाणे गोळी कमी करावी लागेल का ते बघते हां." गावाकडचा माणूस याने नाराज होत नाही, उलट आपल्यासाठी वेगळं मोजतायत हे त्याला कळतं. एखादे काका विचारतीलही, "मोबाईलमधे बघून औषध देताय व्हय?" त्यांना शांतपणे सांगा, "हो काका, तुमची बीपीची गोळी चालू आहे ना, ती आणि ही एकत्र चालतात का ते बघतोय." आणि प्रश्न मोठा असेल, दोन-तीन ठिकाणी बघावं लागणार असेल, तर पेशंटला बीपी मोजायला किंवा लघवी तपासायला बाहेर पाठवा, पुढचा बोलवू नका, आणि शांतपणे बघा.

काही गोष्टी मात्र बघायला वेळच मिळत नाही, त्या आधीच डोळ्यांसमोर लावून ठेवायच्या. इंजेक्शन दिल्यावर रिअॅक्शन आली तर अॅड्रेनालिन १:१००० मांडीत, मोठ्याला ०.५ एमएल, लहानाला किलोमागे ०.०१ एमएल, हे इमर्जन्सी ट्रेच्या झाकणावर चिकटवलेलं पाहिजे, सिस्टरलाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. झटक्याचं औषध, कमी साखरेचं ग्लुकोज, हेही तिथेच. आणि तुम्ही रोज लिहिता ती जी वीस-पंचवीस औषधं असतील त्यांचा स्वतःचा एक कागद करा, तुमच्या मेडिकलमधे ज्या बाटल्या मिळतात त्यांच्या स्ट्रेंग्थसकट, ५ किलोपासून ३० किलोपर्यंत एमएल काढून, टेबलाच्या काचेखाली. त्यावर कधी केला ती तारीख टाका. दुसऱ्या कुणाकडून तरी आकडे तपासून घेतल्याशिवाय तो वापरू नका, कारण त्या कागदावरची चूक रोज, प्रत्येक मुलाला जाईल. मेडिकलवाल्याने कंपनी बदलली की तुम्हाला कळवावं असं त्याच्याशी बोलून ठेवा.

डोस पेशंटच्या तोंडात बरोबर जाईपर्यंत काम संपत नाही. घरातला चमचा कुठलाही असतो, बाटलीसोबतच्या मापाच्या झाकणावर पेनाने रेघ मारून द्या, दीड-दोन एमएलसारखं थोडं औषध असेल तर बिनसुईची सिरिंज द्या. आणि "समजलं ना?" विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "कुठपर्यंत भरणार ते मला दाखवा," असं म्हणा. आईने रेघेच्या वर बोट ठेवलं तर तिथल्या तिथे कळतं.

केसपेपरवर वजन, क्रिएटिनिन, एमजी आणि कुठे बघितलं हे दोन शब्दांत लिहा, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधायला नको आणि तुमच्या जागी दुसरा बसला तरी त्याला कळेल. मोबाईल नंबर लिहून घेतलेला असू द्या, म्हणजे संध्याकाळी निवांत वाचताना दिलेल्या डोसबद्दल शंका आली तर त्याच दिवशी फोन करून "उद्यापासून अर्धी गोळी घ्या" सांगता येतं. औषधाचा त्रास झाला असं वाटलं तर पीव्हीपीआयला (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाला) कळवा, १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री नंबर आहे, आणि त्रास नक्की औषधामुळेच झाला याची खात्री नसली तरी कळवता येतं.